कलमकाका आणि एकतिसावी बाई

आमच्या कारखान्यात पिण्याच्या पाण्याची टाकी शेठच्या केबिनच्या दारात होती. दाराजवळ नाही, दारातच. शेठना आत जायचं असलं की एक खांदा पुढे घालून, पोट आत ओढून, तिरकं शिरावं लागे, आणि शेठचं पोट काही ओढल्याने आत जाण्यातलं नव्हतं. नवीन माणूस विचारायचा, टाकी इथे कुठल्या वेड्याने ठेवली? आम्ही सांगायचो, वेड्याने नाही रे बाबा, कलमकाकांनी ठेवली.

झालं होतं असं की सत्त्याऐंशीच्या अखेरीस कारखान्यांचा कायदा बदलला. पिण्याचं पाणी मोरीपासून, संडासापासून लांब हवं हे आधीपासून होतंच. आता उघड्या गटारापासून आणि पिकदाणीपासूनही सहा मीटर लांब पाहिजे असं आलं. काकांनी खिशातली टेप काढली आणि दोन दिवस अख्खा कारखाना मोजला. सगळ्यापासून सहा मीटर लांब अशी एकच जागा निघाली, शेठच्या केबिनचं दार. शेठ म्हणाले, "अहो काका, मग पिकदाण्या हलवा ना." काका म्हणाले, "पिकदाण्या मंजूर नकाशात आहेत. टाकी नकाशात नाही, तिला हलायला परवानगी आहे." विषय संपला.

आम्ही कुकरच्या शिट्ट्या बनवायचो. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची शेड, सत्तरेक माणसं. प्रत्येक शिट्टी हवेच्या दाबावर वाजवून बघायची आणि मगच डब्यात भरायची. सकाळी साडेआठपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत नुसत्या शिट्ट्या. आमच्यातली एकही बाई आज हळू बोलत नाही. माझे मिस्टर म्हणतात, तू कानात सांगतेस ते समोरच्या बिल्डिंगमध्ये कळतं.

काकांचा हुद्दा टाइमकीपर. गेटला लागून त्यांची खोपटीएवढी खोली, आत टेबल, घड्याळ, हजेरीचं मस्टर आणि भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये कायद्याचा गोषवारा. ती काच ते रोज सकाळी स्वतः पुसायचे. म्हणायचे, "भिंतीवरचा कायदा आणि देव्हाऱ्यातला देव, दोघांनाही रोज पुसलं नाही तर दिसेनासे होतात." खरं नाव काय होतं ते मस्टरवर असेल, आमच्यासाठी ते कलमकाका, कारण तोंड उघडलं की कलम अमुक आणि कलम तमुक. पँटच्या दोन्ही पायांना सायकलवाले लावतात तशा क्लिपा. सायकल नव्हती त्यांच्याकडे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "चालत्या यंत्राजवळ सैल कपडे नकोत. कलम बावीस." आता टाइमऑफिसात चालतं यंत्र म्हणजे एक भिंतीवरचं घड्याळ. पण त्यांच्याशी वाद कोण घालणार.

आणि पत्रं. बापरे, ती पत्रं. रोज सहा-सात पत्रं ते सुवाच्य अक्षरात लिहायचे, कुठल्या ना कुठल्या सरकारी ऑफिसला. विषय, पिकदाणीला आतून कोणता रंग द्यावा याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत. विषय, आगीच्या बादलीतली वाळू किती दिवसांनी बदलावी याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत. सगळी शेठच्या सहीने जायची. पहिली दोन वर्षं शेठनी वाचून सह्या केल्या म्हणे, मग नाद सोडला. फोनवर बोलता बोलता नुसता पेन चालवायचे. एकदा गठ्ठ्यात कुणाची तरी लग्नपत्रिका गेली, तर तिच्यावरही शेठची सही आणि खाली कंपनीचा शिक्का होऊन आली.

सत्यनारायणाची गोष्ट सांगितल्याशिवाय काका कळायचे नाहीत. दरवर्षी कारखान्यात पूजा असायची. गुरुजी एकच, आणि त्या दिवशी वसाहतीतल्या तीन-चार कारखान्यांत त्यांना पूजा सांगायची असायची, त्यामुळे बिचारे पहाटेपासून मांडी घालून बसलेले. आमच्याकडे चौथा अध्याय चालला होता. शेठ सोवळं नेसून हात जोडून बसलेले, आम्ही सगळ्या मागे. तेवढ्यात काका पुढे आले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, आज सकाळी पहिल्या पूजेला किती वाजता बसलात?"

"सहाला. का हो?"

"अकरा वाजले. पाच तास झाले. कलम पंचावन्न, अर्धा तास विश्रांती."

शेठ म्हणाले, "अहो काका, ते देवाचं काम करतायत."

"आवार कारखान्याचं आहे," काका म्हणाले.

आम्ही तोंडाला पदर लावून बसलो. गुरुजींनी क्षणभर विचार केला, पोथी मिटली, भिंतीला पाठ टेकून पाय लांब केले आणि चहा मागितला. जाताना काकांचा हात हातात घेऊन म्हणाले, "चाळीस वर्षं पूजा सांगतोय, माझ्या पाठीची चौकशी कुणी केली नव्हती." पुढच्या वर्षापासून ते आमच्याकडे मुद्दाम अकराच्या बेताला यायला लागले.

घरी तरी हे असंच असेल का, अशी आम्हा बायकांना फार उत्सुकता. संक्रांतीला मी आणि सुमन त्यांच्या मुलुंडच्या घरी तिळगूळ घेऊन गेलो. सुमन म्हणजे माझ्या शेजारी बसून शिट्ट्या भरणारी, गोवंडीची. गेलो तर काका ओट्याशी पोहे परततायत आणि काकू खुर्चीत हात बांधून बसलेल्या. रविवार होता. काकू म्हणाल्या, "आज माझी साप्ताहिक सुट्टी. गेल्या रविवारी पाहुणे आले, मला काम पडलं, तर ह्यांनी बुधवारी भरपाई सुट्टी दिली. बुधवारी सुट्टी घेऊन मी करू काय गं? शेजारणीची मेथी निवडून दिली." पोह्यांत मीठ नव्हतं. काकू बोलल्या नाहीत, कारण सुट्टीच्या दिवशी त्या देखरेख करत नसत.

काकांची आणखी एक तऱ्हा होती. गेटच्या आत सगळ्यांना अहो-जाहो, अगदी झाडूवाल्यालाही. गेटच्या बाहेर पाऊल पडलं की अगं-तुगं. कामाच्या जागी कुणी कुणाचा काका-मामा नाही, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी सगळ्या एकत्र बाहेर पडायचो तेव्हा त्यांचं एकच वाक्य निम्मं आत आणि निम्मं बाहेर व्हायचं. "तुमचा डबा राहिलाय बघा टेबलावर, जा, घेऊन ये पटकन."

आता माझं सांगते. मी घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर राहायची. आम्ही मूळ मालवणकडचे, बाबांसाठी मी कायम चेडू, म्हणजे पोरगी. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, तेव्हापासून ते घरात बसून. धाकटा भाऊ शाळेत. दहावी पास झाले आणि दोन वर्षं इकडे तिकडे धक्के खाऊन इथे लागले. पहिल्या दिवशी मस्टरवर सही करायला गेले तर शेठ केबिनमधून ओरडले, "तिला नको, तिला नको. ती तात्पुरती." काका उठून केबिनकडे गेले. शेठचं बोलणं शिट्ट्यांच्या वर ऐकू येईल एवढं मोठं होतं. "ऑर्डर आहे म्हणून ठेवतोय. मस्टरवर नाव घातलंत तर आत्ता घरी पाठवतो तिला. मंजूर?" काका परत आले, मस्टर मिटलं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा, कामाला लागा." एवढे कायदेवाले काका आणि गप्प बसले, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. काम मिळालं ना, बस्स.

दुपारी डबा खाताना सुमनने समजावलं. "हे बघ गं, आपण इथे बायका तीस. तीसच्या वर एक जरी झाली तर शेठला पाळणाघर करावं लागतं. वेगळी खोली, पाळणे, दाई, पोरांना दूध. शेठ ते करणार नाही. म्हणजे तू एकतिसावी आहेस, आणि म्हणून तू नाहीसच."

"नाहीस म्हणजे? ही मी बसलेय ना इथे."

"बसलीस. पण नाहीस," सुमन म्हणाली आणि लोणच्याची फोड मला दिली. तिची पोर दोन वर्षांची होती. ती सकाळी शेजारणीकडे टाकून यायची, आणि शेजारणीचा मूड नसला की सुमनचा खाडा.

शेठ माणूस वाईट नव्हते, पण नव्या कायद्याने त्यांची झोप उडाली होती. पूर्वी काही चुकलं की मॅनेजरला पुढे करता यायचं. आता मालक स्वतः जबाबदार, आणि तुरुंगाची शिक्षा वाढलेली. त्यामुळे इन्स्पेक्टरचा त्यांनी भलता धसका घेतला. चष्मा आणि हातात बॅग असलेला कुठलाही माणूस गेटवर दिसला की शेठ हात वर करायचे आणि टेस्टिंगच्या बायका शिट्ट्या बंद करायच्या. ती खूण. सगळीकडे एकदम चिडीचूप झालं की एकतिसाव्या बाईने मागच्या दाराने निघायचं. एकतिसावी म्हणजे मी. चष्मा-बॅगवाला माणूस बहुतेक वेळा विम्याचा एजंट असायचा, नाहीतर शेठचे साडू. तरी मी निघायचीच.

पण असं नुसतं पळून जाणं काकांना चालणार नव्हतं. "कामाच्या वेळेत कामगार विनाकारण बाहेर असणं गैर आहे," ते म्हणाले. म्हणून शिट्ट्या थांबल्या की मी आधी टाइमऑफिसात जायचं. तिथे ते एक बंद पाकीट आणि गेटपास देत. "कार्यालयीन कामासाठी. रजिस्टर करून पावती आणा." मी पोस्टात जायची, पत्र रजिस्टर करायची, रमतगमत परत यायची. दर पंधरा दिवसांत एकदा तरी व्हायचंच, कधी दोनदाही. मला तर मजा वाटायची. वाटेत बोरं घ्यायची, एखाद्या दुकानाची काच बघायची. शेठही खूश की बाई बाहेर जाते आणि टपालाचंही काम होतं.

असे दहा महिने गेले. मी कारखान्यात होते आणि नव्हते. पगार पाकिटातून मिळायचा, सही कुठेच नाही.

एक दिवस अशाच शिट्ट्या थांबल्या. आलेला माणूस वजनकाटे विकणारा निघाला, पण मी तोवर पोस्टात पोचले होते. खिडकीतल्या कारकुनाने पाकीट उलटं केलं आणि परत माझ्याकडे सरकवलं. "चिकटलेलं नाहीये. तिकडे गोंद आहे, लावून आणा." मी गोंदाच्या बाटलीपाशी गेले. आत काय आहे ते बघायची बुद्धी मला दहा महिन्यांत कधी झाली नव्हती. त्या दिवशी झाली.

विषय, एकतिसाव्या स्त्री कामगाराबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत. आमच्या कारखान्यात एकूण स्त्री कामगार एकतीस असून, पैकी एकतिसावी सदर पत्र टपालात टाकण्यासाठी बाहेर आहे. ती बाहेर असताना ती धरावी की धरू नये? आणि पुढे माझं नाव. माझं, बाबांचं आणि आडनाव, असं पूर्ण. खाली शेठची सही. कोपऱ्यात २४१ असा आकडा होता, तो मला पत्राचा नंबर वाटला.

म्हणजे मी स्वतःच्या पायाने चालत जाऊन स्वतःचीच चुगली सरकारला रजिस्टर करत होते. आता इन्स्पेक्टर येणार, शेठ म्हणणार चल निघ, आणि बाबा घरी, मी पण घरी. मी तशीच उभी राहिले तर कारकुनाने खिडकीतून हात लांब करून पाकीट घेतलं, स्वतःच गोंद फासला आणि धाडकन शिक्का मारला.

"भाऊ, ते परत द्या. ते टाकायचं नाहीये."

"शिक्का बसला. आता ते सरकारचं. परत पाहिजे असेल तर लेखी अर्ज करा."

पावती घेऊन मी तणतणत परत आले. काका गेटमध्येच उभे होते, एक पाय आत आणि एक बाहेर, पावतीसाठी हात पुढे करून.

"काका, तुम्ही माझ्या पोटावर पाय दिलात," मी म्हटलं.

त्यांनी बाहेरचा पाय आत घेतला. "पाकीट उघडलंत?"

"उघडलं. माझं नाव आहे त्यात. दहा महिने मला पोस्टात पाठवताय, मला वाटलं पिकदाण्यांची पत्रं असतील तुमची. माझ्या घरात कोण कमावतंय ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"कार्यालयीन टपाल वाचणं गैर आहे."

"आणि गरीब पोरीची नोकरी घालवणं कुठल्या कलमात बसतं?"

त्यांनी गेटच्या बाहेर एक पाऊल टाकलं आणि वेगळ्याच आवाजात म्हणाले, "घाबरू नको गं." लगेच पाऊल आत घेतलं. "कामगाराला सल्ला देणं माझ्या हुद्द्यात बसत नाही. पावती द्या."

"मग बाहेर येऊन सांगा."

त्यांनी घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं. "साडेपाचनंतर," ते म्हणाले.

साडेपाचला मी गेटबाहेर कमरेवर हात ठेवून उभी. काका आले, पँटच्या क्लिपा काढल्या, खिशात टाकल्या आणि म्हणाले, "ऐक. रोज यायचं. एकही खाडा करायचा नाही. अंगात ताप असला तरी ये. आणि डबा नीट खात जा, वाळलीस." बस्स, एवढंच. ह्याला काय मार्गदर्शन म्हणतात? मी त्यांना तोंडावर म्हातारा खवीस म्हटलं. ते ऐकून न ऐकल्यासारखं करून रिक्षा बघायला लागले.

ते तीन-चार दिवस कसे काढले माझं मला माहीत. घरी सांगितलं नाही. सुमनला सांगितलं, ती नुसती "वाट लागली गं" म्हणाली आणि दिवसभर माझ्या वाट्याच्या शिट्ट्याही तीच भरत बसली.

आणि मग एका सकाळी शिट्ट्या थांबल्या. मी टाइमऑफिसात गेले. काकांनी नेहमीसारखं पाकीट दिलं, गेटपास दिला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांच्यासमोर पाडायचं नाही म्हणून भराभरा चालत सुटले. मागच्या दाराला नेमकं कुलूप होतं, त्यामुळे पुढच्या गेटने निघाले. गेटवर चष्मा आणि बॅग. काखेत लाल नाडीने बांधलेला कागदांचा गठ्ठा.

"रजिस्टर करायला निघालात का?" तो माणूस म्हणाला.

"हो."

"आमच्याच ऑफिसला ना? द्या इकडे, मी घेऊनच जातो. उगाच पायपीट कशाला."

मी पाकीट दिलं. दुसरं काय करणार? मग ते म्हणाले, "चला तुम्ही पण आत," आणि आम्ही केबिनशी आलो. ते बारीक होते, टाकीशेजारून सरळ आत गेले.

आत शेठ, समोर इन्स्पेक्टर, कोपऱ्यात काका मस्टर छातीशी धरून उभे. मी दारात टाकीपाशी.

"ह्या बाई इथे कामाला आहेत?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

शेठनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. दहा महिने रोज बघत होते. म्हणाले, "कोण आहे ही? मी हिला आज पहिल्यांदा बघतोय."

माझा जीव असा जळला म्हणून सांगू.

"मस्टरवर नाव नाही," इन्स्पेक्टर म्हणाले.

"नाहीच," शेठना जोर आला. "मस्टरवर नाही, कुठेच नाही. माझ्या सहीचा एक कागद दाखवा जिथे हिचं नाव असेल. एक कागद."

इन्स्पेक्टरांनी नाडी सोडली. सव्वीस पत्रं होती. त्यांनी पहिलं उघडलं. "विषय, पिकदाणीच्या आतील रंगाबाबत. मजकूर सोडून देतो. हे इथे तळाशी बारीक अक्षरात, पत्रवाहक अमुक अमुक, स्त्री कामगार, पॅकिंग खातं, हजर दिवस नववा. ही सही आपलीच ना?"

शेठनी चष्मा लावला. "सही... सही माझी आहे."

"दुसरं. विषय, वाळूची बादली. पत्रवाहक त्याच. हजर दिवस एकोणिसावा. सही?"

"माझी."

"तिसरं. विषय, मुतारीला चुना. हजर दिवस सत्ताविसावा, मध्ये एक दिवस गैरहजर, कारण ताप. सही?"

सहाव्या पत्रापासून शेठ नुसती मान हलवायला लागले. मला हळूहळू उमजायला लागलं. मला वाटत होतं मी कुठेच नाही. आणि हा म्हातारा पिकदाणीच्या, चुन्याच्या, वाळूच्या पत्रांखाली माझा एकेक दिवस लिहून, वर शेठची सही घेऊन, माझ्याच हाताने सरकारकडे जमा करत होता. पोस्टाच्या शिक्क्यासकट. माझं मस्टर सरकारी कपाटात चाललं होतं.

"सव्विसावं पत्र आलं तेव्हा आमच्या लक्षात आलं," इन्स्पेक्टर म्हणाले. "खरं सांगायचं तर आधीच्या पंचवीस पत्रांचे विषय बघून कुणी तळापर्यंत वाचलं नव्हतं." मग त्यांनी माझ्याकडून घेतलेलं पाकीट फोडलं. "आणि हे आजचं. हजर दिवस दोनशे पंचेचाळीस. दोनशे चाळीस दिवस भरल्यामुळे सदर कामगार तात्पुरती राहते की कायम होते, याबाबत मार्गदर्शन व्हावे."

मी काकांकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते. आकडा पूर्ण होईपर्यंत पिकदाण्या, आणि पूर्ण झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी एकतिसावी बाई. आधी बोलले असते तर शेठनी मला त्याच संध्याकाळी काढलं असतं. आणि मी त्यांना खवीस म्हटलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"पण कायम करण्याचं काम माझ्या खात्यात येत नाही," इन्स्पेक्टर म्हणाले.

"त्या खात्याला प्रत दिली आहे," काका पहिल्यांदाच बोलले. "प्रत्येक पत्राची. पोचपावत्या इथे आहेत."

शेठनी पाणी मागितलं. पाणी दारातच होतं, मी ग्लास भरून दिला. ज्या बाईला आज पहिल्यांदा बघत होते तिच्या हातचं पाणी त्यांनी गटागटा प्यायलं. मग काकांना म्हणाले, "काका, तुम्ही मीठ कुणाचं खाता?"

"तुमचंच. म्हणून तर सही तुमची घेतली. नवीन कायद्यात मालकाला धरतात. पत्रं माझ्या सहीने गेली असती तर मी सुटलो असतो आणि तुम्ही आत गेला असता. आता कागदावर तुम्हीच विचारणारे आहात."

इन्स्पेक्टरांनी मान डोलावली. "ते खरं आहे. स्वतःहून सत्तावीस वेळा मार्गदर्शन मागणारा कारखानदार मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय. महिन्याभरात पाळणाघर करा, मी येऊन बघेन."

शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी पांढरा, मग लाल, मग एकदम सज्जन. "कामगारांचं बघायला नको का साहेब," ते म्हणाले. पुढे वर्षभर वसाहतीतल्या इतर मालकांना ते सांगत फिरत होते की मी सरकारच्या मागे लागून पाळणाघर मंजूर करून आणलं, सत्तावीस पत्रं लिहिली.

पाळणाघर झालं, खोक्यांच्या जुन्या खोलीत. पहिला आठवडा कुणी पोर आणलंच नाही, बायकांचा विश्वास बसेना. दाई मात्र नेमलेली, म्हणून काकांच्या सूचनेप्रमाणे ती रिकामा पाळणा हलवत बसायची. मग सुमनने पोरीला आणलं. त्या पोरीला शिट्ट्यांच्या आवाजात अशी झोप लागायची की रविवारी घरी शांततेत ती रडायची. ते जाऊ दे. मला सांगायचंय ते इन्स्पेक्टर येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

त्या दिवशी मी काकांसाठी पेढे घेतले. पाया पडायचं, खवीस म्हटल्याची माफी मागायची, असं सगळं ठरवून गेले. पेढ्याच्या दुकानात थोडा वेळ गेला. टाइमऑफिसात शिरले तर मस्टर उघडं होतं आणि एकतिसाव्या ओळीवर माझं नाव. शाई अजून ओली असावी असं काळंभोर. आजच्या चौकोनात मी सही केली. काकांनी घड्याळ बघितलं, लाल पेन काढलं आणि माझ्या सहीशेजारी लेटमार्क मारला.

"चार मिनिटं," ते म्हणाले.

"अहो काका, आज माझा पहिला दिवस."

"पहिला कुठला? दोनशे सेहेचाळिसावा. आणि ते पेढे बाहेर ठेवा, इथे खायचे पदार्थ चालत नाहीत."

संध्याकाळी घरी गेले. बाबा दाराशी विडी ओढत बसले होते. काय सांगावं, कुठून सुरुवात करावी ते कळेना. शेवटी तोंडातून एवढंच निघालं, "बाबा, मला आज लेटमार्क लागला."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं गिरणीत काढलेला माणूस, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. विडी विझवली, उठले आणि आत बघून आईला म्हणाले, "अगो, चेडवाक लेटमार्क लागलो. कायतरी गोड कर."